भाकरी, शेंगाचटणी आणि बी-१२

सोलापुरात राहून व्हीगन होणं मला फारसं जड गेलं नाही असं सांगितलं, की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "मग खाता काय?" विचारणाऱ्याच्या डब्यात त्या वेळी बहुतेकदा ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि मटकीची उसळ असते. दूध, दही, तूप, अंडी, मटण, मध असं जनावराकडून आलेलं काहीच त्यात नसतं. तरी त्याला वाटतं की मी आता पालापाचोळ्यावर जगते.

आमच्याकडचं रोजचं ताट जरा आठवून बघा. मालदांडीची भाकरी, ताजी नाहीतर कडक. खलबत्त्यात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी. तुरीची आमटी, कधी हुलग्याचे शेंगोळे, अंबाडीची भाजी, दोडका, कारळाची चटणी, शेजारी फोडलेला कांदा. जवळजवळ प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट. या जिल्ह्यात पाऊस कमी, जमीन काळी, म्हणून रब्बीची ज्वारी आणि तेलबिया पिकल्या, आणि जे पिकलं तेच ताटात आलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती त्याआधीही पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जात होतीच. जिथल्या जेवणाची सुरुवात लोण्या-पनीरपासून होते तिथे राहून व्हीगन होणं वेगळं. इथे मला ताटातलं जे काढायचं होतं ते बाजूच्या वाटीत होतं.

आणि कपात होतं. चहाबद्दल मी खोटं बोलणार नाही. रविवारचं सुक्कं मटण सुटलं, अंडी सुटली, पोळीवरचं तूप सुटलं, पण सकाळी दुधाचा चहा नाही या विचारानेच जीव कासावीस व्हायचा. सोयाचं दूध आणलं तर ते उकळत्या चहात फाटलं. बदामाचं दूध फाटलं नाही, पण त्याची किंमत बघून मीच फाटले. दाण्याचं दूध घरी काढलं, तर चहाला चटणीचा वास येऊ लागला. शेवटी गवती चहा आणि आलं घातलेल्या कोऱ्या चहावर तडजोड झाली, आणि खरं सांगायचं तर ती तडजोडच आहे. दाण्याच्या दुधाचं दही मात्र बरं लागतं. विरजणाला हिरव्या मिरचीचे देठ टाकायचे, उन्हाळ्यात रात्रीत लागतं. त्याच्या ताकाला जिरं-कढीपत्त्याची फोडणी दिली की सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. कढी करायला जाऊ नका.

हे सगळं सुरू कशामुळे झालं, तर दोन गोष्टींमुळे. एक, माझं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल दीडशेच्या वर गेलं. दुसरी गोष्ट माहेरच्या गोठ्यातली. भावाकडे पंढरपुरी म्हैस आहे आणि दोन संकरित गाई. गाय व्यायली आणि कालवड झाली तर घर खूश, खोंड झालं तर कुणी पेढे वाटत नाही. खिलार खोंडाला किंमत असते. संकरित खोंडाला वशिंड नाही, जू धरत नाही, उन्हात दम टाकतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, मग ते जातं कुठे, हे मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, तू चहा पी." मुलगी पुण्याला शिकते, ती आधीच व्हीगन झाली होती. तिने मला कधी भाषण दिलं नाही, नाहीतर मी नक्कीच ऐकलं नसतं.

आता माझ्या कामाचं सांगायला हवं, कारण या विषयाकडे मी ज्या बाजूने बघते ती बाजू तिथून आली. मी एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. जांभळ्या झाकणाची नळी सीबीसीला म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, पिवळ्या झाकणाची बाकीच्या तपासण्यांना. फॉर्मवर 'हातापायाला मुंग्या' किंवा 'थकवा' लिहिलेलं असलं आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी सांगितलेली असली, की मशीनने आकडा काढायच्या आधीच मला अंदाज येतो. दोनशेच्या खाली बी-१२ असलेला रिपोर्ट आमच्याकडे नवलाचा राहिलेला नाही. त्या माणसांतले व्हीगन किती? कुणीही नसतं. शाकाहारी असतात, आठवड्यातून एकदा मटण खाणारे असतात, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे असतात. या औषधाने बी-१२चं शोषण कमी होतं, आणि पायाच्या मुंग्यांचा दोष साखरेच्या माथी मारला जातो.

"पण आम्ही दूध घेतो की!" हे वाक्य मी रोज ऐकते. घेता, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. शंभर मिलिलीटर गाईच्या दुधात ते अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, आणि उकळल्यावर त्यातलंही थोडं कमी होतं. आपल्याकडच्या दोन कप चहात मिळून दूध असतं शंभर मिलिलीटर, तेही यजमान दिलदार असेल तर. म्हणजे चहापुरतं दूध घेणाऱ्या शाकाहारी माणसात आणि माझ्यात या बाबतीत फार अंतर नाही. फरक एवढाच की मला माझी कमतरता ठाऊक आहे म्हणून मी गोळी घेते, आणि त्याला वाटतं की आपलं भागतंय.

हे बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते जिवाणू करतात. गाई-म्हशीच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात हे जिवाणू असतात, चाऱ्यातून कोबाल्ट मिळालं की ते बी-१२ बनवतात, आणि तिथून ते दुधा-मांसात उतरतं. गोळीतलं बी-१२ सुद्धा कारखान्यात जिवाणूंकडूनच आंबवून घेतलेलं असतं, त्यामुळे ती गोळी घ्यायला व्हीगन माणसाची हरकत असायचं कारण नाही. आंबील, इडली, घरचं लोणचं यांतून ते मिळतं असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिना या शेवाळातला पदार्थ तर बी-१२सारखा दिसतो, पण शरीरात काम करत नाही.

अजून एक बाब लॅबमध्ये बसल्यामुळे कळली. बी-१२ कमी झालं की रक्तपेशी मोठ्या होतात, सीबीसीत एमसीव्ही म्हणजे पेशींचा सरासरी आकार वाढलेला दिसतो, हे पुस्तकातलं झालं. प्रत्यक्षात बाईला लोहाची कमतरताही असते, आणि लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. दोन्ही एकत्र आलं की सरासरी अगदी नॉर्मल निघते आणि रिपोर्ट निष्पाप दिसतो. पालेभाज्या भरपूर खाणाऱ्याचं वेगळंच. त्यांना फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व मिळत राहतं, त्यामुळे रक्त ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो. म्हणून व्हीगन झालेला माणूस पहिल्या वर्षी "मला काही झालं नाही, मस्त आहे" म्हणतो ते खरंच असतं, पण तो जुन्या शिल्लकीवर जगत असतो. मी सुरुवातीलाच तपासणी केली, डॉक्टरांना विचारलं आणि आठवड्याची गोळी सुरू केली. इंग्लंडची व्हीगन सोसायटी तर स्वतःच सांगते की रोज किमान १० मायक्रोग्रॅम घ्या, नाहीतर आठवड्यातून एकदा २०००. एका वेळी शरीर थोडंच शोषून घेतं, म्हणून आठवड्याची मात्रा सातपटीपेक्षा कितीतरी मोठी.

गोळीवर आमच्या सासूबाईंचा आक्षेप आहे. "आम्ही कुठे दूध पीत होतो? घरात म्हैस होती तरी दूध विकायला जायचं, ताक आम्हाला. मटण जत्रेला. कुणी गोळ्या घेतल्या?" त्यांचं वर्णन शंभर टक्के खरं आहे, आणि त्यातला अभिमानही मला समजतो. पण त्याच सासूबाई त्यांच्या सासूबद्दल सांगतात की म्हातारपणी तिची जीभ लालबुंद होऊन सोलवटायची, तिखट लागायचं नाही, आणि अंधारात पाय कुठे पडतो ते कळायचं नाही म्हणून ती भिंत धरून चालायची. "वयच झालं होतं." असेलही. मी न बघितलेल्या बाईचं निदान करत नाही. पण त्या पिढीतल्या किती जणींच्या 'वया'मागे दुसरं काही होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. आजकाल मोबाइलवर एक सूर फार वाजतो, की आपले पूर्वज भाकरी-चटणीवर ठणठणीत होते. पूर्वजांचं ताट गरिबीने आखलेलं होतं. मी तेच ताट निवडून खाते, पगार घेते, आणि त्यात जे नाही ते औषधाच्या दुकानातून आणते.

व्हीगन सोसायटी डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी १९४४ साली काढली, आणि बी-१२ वेगळं करून हाती आलं १९४८ साली. म्हणजे त्या पहिल्या मंडळींना आपल्या जेवणात नेमकं काय नाही हे माहीत असण्याची सोयच नव्हती. गांधीजींनी तर दूध १९१२ सालीच, दक्षिण आफ्रिकेत असताना सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणानंतर अंगात शक्ती येईना, तेव्हा १९१९मध्ये कस्तुरबांनी सुचवलं की तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीचं घ्यायला काय हरकत. त्यांनी घेतलं, आणि ती पळवाट होती ही सल त्यांना कायम राहिली. त्यांचा आजार आमांशाचा होता, त्याला बी-१२ जोडायचा माझा हेतू नाही. पण दुधाला झाडपाल्यातून पर्याय शोधायची त्यांची धडपड वाचली की वाटतं, आज मी आठवड्याला काही रुपयांत जे आणते ते त्यांच्या काळात कोणत्याच पैशात मिळत नव्हतं.

आता तब्येतीचं. सुरुवातीचे काही आठवडे पोटात वायू धरायचा. मटण-अंडी गेल्यावर डाळी-उसळी दुप्पट झाल्या होत्या, दुसरं काय होणार. कडधान्यं नीट भिजवून, मोड आणून, भिजवलेलं पाणी टाकून, हिंग-ओवा घालून शिजवायला लागले, मात्रा हळूहळू वाढवली, मग पोट वळणावर आलं. सकाळी पोट साफ न होण्याची जुनी तक्रार गेली. दुधाच्या चहाने दुपारी जळजळायचं ते थांबलं. वजन किंचित उतरलं. एलडीएल एकशेतीसच्या खाली आलं, ही खरी कमाई. पण ते तूप-मटण सोडल्यामुळे की खारी-नानकटाई सोडल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही. बेकरीचा माल त्याच सुमारास बंद झाला होता. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२३मध्ये जुळ्यांच्या २२ जोड्यांवर आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकसारखी जुळी, एकाला व्हीगन जेवण, दुसऱ्याला सकस मिश्र जेवण. व्हीगन जुळ्याचं एलडीएल जास्त उतरलं. म्हणजे मला आला तो अनुभव अगदीच मनाचा खेळ नसावा.

बाकी चेहरा उजळला नाही. गुडघा जसा दुखायचा तसाच दुखतो. झोप तीच. केस गळायचे तसे गळतात. "नवी ऊर्जा संचारली" असं लिहायला मला आवडलं असतं. हिमोग्लोबिन होतं तिथेच आहे, आणि तेही मी जेवणावर लगेच चहा पिणं बंद केलं आणि उसळीवर लिंबू पिळायला लागले म्हणून टिकलं असावं. चहातलं टॅनिन लोह अडवतं, लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं. आणि हे लक्षात घ्या की व्हीगन म्हणजे आपोआप चांगलं असं काही नाही. डालड्यातली बिस्किटं, मिरची भजी, चिवडा, कोल्ड्रिंक हे सगळं व्हीगनच आहे. आता तर सरकारी नियमांतून पाकिटावर हिरव्या रंगाचा व्हीगन शिक्काही येतो, तो तब्येतीबद्दल काही बोलत नाही.

प्रथिनांबद्दल एकच सांगते, कारण आपल्या इकडे यात गफलत होते. भाकरी आणि शेंगाचटणी एवढ्यावर भागत नाही. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, शंभर ग्रॅमला पंचवीसच्या आसपास. पण ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी, शेंगदाण्यातही तुलनेने कमीच. ती भर तूर, मटकी, हुलगा, हरभरा, सोयाबीन घालतात. आमच्या घरात दोन्ही वेळेला डाळ किंवा उसळ असायलाच हवी हा नियम झालाय. कामाच्या दिवशी घाईत चटणी-भाकरी गुंडाळून नेली तर संध्याकाळपर्यंत पायातलं बळ गेल्यासारखं होतं, आणि ते होतं तेव्हा मला दुसऱ्याला सल्ला द्यायची लाज वाटते.

मला खरी धास्ती हाडांची आहे. पाळी जाण्याच्या वयात मी आहे आणि आईचं खुब्याचं हाड मोडलेलं मी बघितलंय. इंग्लंडमधला एपिक-ऑक्सफर्ड हा मोठा अभ्यास, सुमारे पंचावन्न हजार माणसांचा. त्याचे २०२०मध्ये आलेले निष्कर्ष व्हीगन लोकांना आवडणारे नव्हते. हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारी लोकांपेक्षा व्हीगनांमध्ये जास्त होतं, खुब्याचं तर दुपटीहून जास्त. कॅल्शियम-प्रथिनांचा आणि वजनाचा हिशेब लावल्यावर फरक कमी झाला, पुसला गेला नाही. तेव्हापासून मी मोजून खाते. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे वजनाला वजन धरलं तर दुधाच्या तिप्पट. पण आपण सोलापूरचे लोक नाचणी खात नाही. ज्वारीच्या पिठात नाचणी मिसळलेली बघून सासूबाई भाकरीला "काळी पडली" म्हणाल्या. तिळाची चटणी रोज असते. तीळ न सोललेले घ्यायचे, पॉलिशच्या पांढऱ्या तिळात कॅल्शियम फार उरत नाही. पालकातलं कॅल्शियम कागदावर दिसतं पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगी लागत नाही. शिवाय घरी पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायाम करते, शेजारणी हसतात.

ड जीवनसत्त्वाचं तर सोलापुरात काय बोलावं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो आणि ड जीवनसत्त्व कमी असलेले रिपोर्ट आम्ही ढिगाने छापतो. ऊन इतकं आहे की कुणी उन्हात जातच नाही. त्याच्या गोळीत मला नवी अडचण सापडली. बाजारातलं डी-३ बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं. दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेलं मिळतं, पण महाग आणि मागवावं लागतं. मी मागवते. मिळालं नाही त्या महिन्यात साधं घेते, आणि मुलीला ते पटत नाही.

भावाला हे सगळं कसं दिसतं, हा भाग मला अजून सुटलेला नाही. पाऊस दगा देतो तेव्हा शेतातून काही येत नाही. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येतं, त्यावर किराणा, फी, औषध. "अक्का, सगळ्यांनी तुझ्यासारखं ठरवलं तर आम्ही काय विकायचं?" तो रागावून विचारत नाही, म्हणून उत्तर द्यायला जास्त अवघड जातं. डाळिंब लाव म्हणाले तर तेल्या रोगाचा हिशेब त्याने तोंडावर फेकला. माझ्याकडे त्याच्या दहा दिवसांच्या बिलाला पर्याय नाही, आणि मी दूध सोडल्याने त्याच्या गोठ्यात काही बदललेलंही नाही.

वेळ अमावस्येच्या सणाला मात्र मी रानात जाते. त्या दिवशीची भज्जी तर वाटाणा, घेवडा, हरभरा, पालेभाज्या, शेंगदाणा सगळं एकत्र शिजवलेली, सोबत बाजरीचे उंडे, त्यात मला काही वेगळं करावं लागत नाही. आंबिलीत ताक असतं. गेल्या खेपेला भावजयीने माझ्यासाठी लहान मडक्यात चिंचेचं पाणी घालून आंबील केली होती. भावाने चव घेतली, "बरी आहे" म्हणाला आणि स्वतःच्या मडक्याकडे वळला.

जेवणं झाल्यावर भावजय बाजूला येऊन म्हणाली, "वन्सं, रात्री पायात मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. म्हशीच्या धारेला बसले की उठवत नाही." शुगर कधीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात ती सोलापूरला आली, तिचं सॅम्पल मीच घेतलं. हिमोग्लोबिन साडेनऊ, एमसीव्ही अगदी नॉर्मल, बी-१२ दीडशेच्याही खाली. रिपोर्ट फोनवर सांगितला तर भाऊ म्हणाला, "घरात एवढं दूध असताना?" मी विचारलं, ती किती पिते? तो थांबला. सकाळचं दूध डेअरीला जातं, संध्याकाळचंही जातं, घरी राहतं ते चहापुरतं आणि थोरल्या पोराच्या पेल्यापुरतं. ती मांसाहारही करत नाही, माळकरी आहे.

मंगळवेढ्याच्या डॉक्टरांनी तिला आधी इंजेक्शनं दिली, आता गोळी आणि लोह चालू आहे. भावाला मी म्हटलं, रोज दोन पेले तिच्यासाठी बाजूला काढ. मुलीने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू दूध प्यायला सांगितलंस?" सांगितलं. गोळी बंद करू नकोस हेही सांगितलं. त्यावर आमचं आठवडाभर वाजलं, आणि परवा भावजयीचा फोन आला की दूध काढून ठेवते, पण पाहुणे आले की तेच जातं, गोळी तेवढी कुणी मागत नाही.